माळ्यावरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षित दुरुस्त कसा करून घ्यावा? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. सान्सुईचा १९७० च्या दशकातला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, मुक्काम अमळनेर. पंधरा-वीस वर्षं माळ्यावर बंद होता. बाहेरून दिसतं ते असं: मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२० वर, दोन पिनांची वायर कडक होऊन तडकलेली, वरच्या जाळीत धुळीचा थर, आणि फ्यूज उडालेला असून त्यावरून कुणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली. अजून प्लग लावलेला नाही.

इथे एका ठिकाणी विचारलं तर उत्तर मिळालं, "आतलं सगळं काढून ५२०० नंबरच्या ट्रान्झिस्टरचं रेडीमेड बोर्ड टाकतो, उद्या संध्याकाळी घेऊन जा." ते करायचं नाही. घरी काय तपासता येईल, कारागिराकडे काय सोपवावं आणि खान्देशात सामान कुठून आणावं, हे हवंय. मल्टिमीटर आणि २५ वॉटचं सोल्डरॉन आहे, दोन्ही वापरता येतात.

सिरीजबोर्ड

प्लग लावला नाहीत हे उत्तम. फ्यूजवरची तार सगळं सांगते आहे. फ्यूज उडत होता, का उडतो ते न बघता कुणीतरी तार मारली, आणि त्यानंतर जे जळायचं ते जळलं. आता आत काहीतरी शॉर्ट आहे असंच धरून चाला.

पहिलं काम सिरीज बोर्ड. लाकडी पाटीवर एक होल्डर आणि एक सॉकेट. फेज होल्डरमधून सॉकेटला, न्यूट्रल थेट. होल्डरमध्ये जुना तारेचा पिवळा बल्बच हवा, एलईडी चालत नाही. तुमच्या सेटला आधी ६० वॉटचा, मग १०० चा. दुकानात पिवळा बल्ब मिळेना झाला असेल तर पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे विचारा, पिलांना ऊब द्यायला ते अजून ठेवतात.

सेट त्यातून लावला की बल्ब क्षणभर लख्ख पेटतो (मोठे कंडेन्सर भरताना) आणि एक-दोन सेकंदांत मंद होतो. असं झालं तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर ताबडतोब बंद करा, आत शॉर्ट आहे. पण बल्ब प्रवाह अडवतो म्हणून जळणं टळतं. १०० वॉटच्या बल्बातून काहीही झालं तरी अर्ध्या अँपिअरच्या आतच प्रवाह जाईल.

मात्र तडकलेल्या वायरीवर हेसुद्धा करू नका. आधी वायर बदला, तार काढून टाका, आणि मागे छापलेल्या आकड्याचाच स्लो-ब्लो फ्यूज घाला. फ्यूजच्या धातूच्या टोपीवर 'टी' असतं तो स्लो, 'एफ' तो फास्ट. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला फास्ट लावला तर चालू करतानाच उडतो आणि लोक वैतागून पुन्हा तार मारतात.

काळीमाती

सिलेक्टर २४० वर टाका, काहीही करण्याआधी. आपल्याकडचा पुरवठा २३० धरला आणि दहा टक्के इकडेतिकडे मानले तर २०७ ते २५३. गावाकडे थ्री फेजची वेळ संपून केळी-कपाशीचे पंप बंद झाले की रात्री व्होल्टेज वरच्या टोकालाच असतं. हिशोब करा: २२० च्या टॅपवर आतल्या रेल (डीसी पुरवठ्याच्या लाइनी) ±४० व्होल्ट असतील, तर २५० ला त्या ±४५ च्या पुढे जातात. जुने कंडेन्सर बहुधा ५० व्होल्टचे. नवे असताना निभावलं असतं, पन्नास वर्षांनंतर नाही.

न्यूट्रल तुटला तर गोष्टच वेगळी. त्या वेळी घरात ३००-३५० पण येतं. फ्यूज यातून वाचवत नाही, किंवा वाचवेपर्यंत उशीर झालेला असतो. सेट दुरुस्त झाल्यावर त्याला जादा व्होल्टेजला तोडणारा कटऑफ लावा. रिले टकटक करत टॅप बदलणारे स्वस्त स्टॅबिलायझर ऑडिओला मला पसंत नाहीत, दर टकटकीला स्पीकरमधून ठप्प येतं.

आणि अर्थिंग. काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्याच भेगांमध्ये तुमची अर्थिंगची नळी उभी असते. माती सुकली की रोध वाढतो. मार्चपासून खड्ड्यात पाणी घाला. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर उघड्या सेटवर काम सुरूच करू नका.

रेल्वेचाळ_भुसावळ

+१. एक भर: दोन पिनांच्या सेटची बॉडी हाताला झिणझिणते, ते दर वेळी धोक्याचं नसतं. डिजिटल मीटर बॉडी ते अर्थ ९०-११० व्होल्ट दाखवतो आणि माणूस घाबरतो. बॉडी आणि अर्थ यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच्यावरचं एसी व्होल्टेज मोजा. ५ व्होल्ट म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. त्याच्या आत असेल तर ती ट्रान्सफॉर्मरची स्वाभाविक गळती. जास्त असेल तर स्विचवरचा किंवा लाइन ते बॉडी लावलेला कंडेन्सर बघा.

हे दोन कंडेन्सर बदलताना साधा ४०० व्होल्टचा पॉलिस्टर टाकू नका. स्विचवर किंवा लाइनच्या दोन तारांमध्ये एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला. लाइन ते बॉडी वाय वर्गाचा. वाय वर्गाचा निकामी झाला तर उघडा पडतो, शॉर्ट होत नाही, म्हणून तोच. साधा शॉर्ट झाला तर अख्खी बॉडी फेजवर.

ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन तपासायला मेगर लागतो. तो तुमच्या गल्लीतच आहे: सबमर्सिबल मोटर रिवाइंड करणाऱ्या कुठल्याही दुकानात. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र करून त्या आणि बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर, सेटचा स्विच चालू स्थितीत, लाइन ते बॉडीचा कंडेन्सर सोडवून. धडधाकट ट्रान्सफॉर्मर दहा-वीस मेगाओहमच्या वरच दाखवतो. एकच्या खाली आला तर आधी ओल सुकवा, तरी तसाच असेल तर लावू नका. स्पीकरच्या किंवा इनपुटच्या टर्मिनलला मात्र मेगरची तार चुकूनही लागू देऊ नका, ट्रान्झिस्टर गेलेच समजा.

प्रीसेट_वाला

झाकण उघडण्याआधीची शिस्त सांगतो, कारण बहुतेक मीटर आणि बरीच बोटं इथेच भाजतात.

प्लग काढून पाच मिनिटं थांबा. मग ४७० ओहम ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड मगर-क्लिप, मोठ्या कंडेन्सरच्या दोन टोकांवर अर्धा मिनिट धरा. १०,००० एमएफडी (मायक्रोफॅरड) आणि ४० व्होल्ट असेल तर पंचवीस सेकंदांत काम होतं. नंतर डीसीवर मोजून १ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. दोन कंडेन्सर असतात, दोन्ही करा. पेचकसने ठिणगी पाडायची पद्धत सोडा, टर्मिनल जळतं आणि कंडेन्सरलाही ते सोसत नाही.

आता मीटर डायोडवर ठेवून आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे. त्याची तीन टोकं: बेस, कलेक्टर, एमिटर. टीओ-३ म्हणजे धातूच्या टोपीचा असेल तर टोपी हाच कलेक्टर. कलेक्टर ते एमिटर, तारा उलटसुलट करून दोन्हीकडे. दोन्हीकडे ०.००२ वगैरे आलं आणि मीटर वाजला तर तो शॉर्ट. चांगला ट्रान्झिस्टर बेसकडून एमिटरला आणि कलेक्टरला ०.५-०.६ दाखवतो. बोर्डावर असताना बाजूच्या रेझिस्टरमुळे आकडा कमी दिसू शकतो, शंका आली तर सोडवून मोजा. चारही मोजा आणि इथे टाका.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. वायर बदलली, सिलेक्टर २४० वर, डिस्चार्ज करून मोजलं.

उजवा चॅनल: दोन्ही ट्रान्झिस्टर ठीक. डावा चॅनल: एक कलेक्टर-एमिटर ०.००, दुसरा ठीक. डाव्या बाजूचा ०.४७ ओहमचा एक सिमेंट रेझिस्टर ओपन. शिवाय मोठ्या कंडेन्सरांच्या बुडाशी तपकिरी, काचेसारखा कडक झालेला डिंक आहे, तो शेजारच्या डायोडच्या पायांवर पसरलाय आणि तिथले पाय हिरवे पडलेत. इनपुटच्या बोर्डावर काही छोट्या ट्रान्झिस्टरांचे पाय काळे आहेत, नंबर २एससी४५८.

प्रीसेट_वाला

चित्र स्पष्ट आहे. डावा आउटपुट गेला, त्याने एमिटर रेझिस्टर नेला. अशा वेळी त्याचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (आउटपुटला चालवणारा) आणि ड्रायव्हरच्या बेसचा छोटा रेझिस्टरही मोजा. एकटा आउटपुट बदलून चालू केला की अर्धमेला ड्रायव्हर नव्यालाही घेऊन जातो, आणि मग 'नवीन माल डुप्लिकेट निघाला' म्हणून दुकानदाराशी भांडण.

आउटपुट जोडीने बदला, शॉर्ट झालेला आणि त्याचा जोडीदार. टीओ-३ च्या जागी एमजे१५००३ आणि एमजे१५००४ बसतात (१४० व्होल्ट, २० अँपिअर). पहिला एनपीएन, दुसरा पीएनपी (उलट ध्रुवतेचे दोन प्रकार). पण आधी सर्व्हिस मॅन्युअल बघा, हायफायइंजिन या साइटवर जुन्या सेटांची मॅन्युअलं फुकट मिळतात. त्या काळच्या काही सेटांत दोन्हीकडे एनपीएनच असतात, तिथे पीएनपी लावला तर खेळ खलास.

बसवताना ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची नवी चकती, दोन्ही बाजूंना पेस्टचा इतका पातळ थर की अभ्रक खालून दिसावा. स्क्रूचं प्लास्टिकचं बुश तडकलेलं असेल तर तेही नवं. मग टोपी ते हीटसिंक मीटर वाजता कामा नये. आणि हीटसिंकला चिकटवलेला बायस डायोड (बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा प्रवाह, तापमानानुसार सांभाळणारा) परत नीट टेकलाय ना, ते दोनदा बघा. तो हवेत लोंबकळत राहिला तर हीटसिंक तापल्याचं सर्किटला कळतच नाही, प्रवाह चढत जातो आणि वीस मिनिटांत नवी जोडी राख. जळगावच्या मेमध्ये दहा मिनिटं पुरतात.

तपकिरी डिंक हा त्या काळच्या जपानी बोर्डांचा जुना रोग. नवा असताना पिवळसर आणि निरुपद्रवी, उष्णतेने तपकिरी झाला की वीजवाहक होतो आणि तांबं खातो. बांबूच्या काडीने खरवडा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, हिरवे पडलेले डायोड बदला. खालची तांब्याची पट्टी शाबूत आहे का ते भिंगातून बघा.

सातपुडा_७७

२एससी४५८ चे काळे पाय म्हणजे आवाजात 'फस्स-चर्र' येणार, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सगळे एकदम बदला. जागी केएससी१८४५, पायांचा क्रम तोच: एमिटर, कलेक्टर, बेस. सेटात २एसए७२६ असतील तर तेही कुप्रसिद्ध, त्यांना केएसए९९२.

कारागीर हमखास बीसी५४७ टाकतो, कारण तो डब्यात असतो. त्याच्या पायांचा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर असा आहे. पाय न पिळता सरळ ठोकला तर चालत नाही. पिळून टाकला तरी ४५ व्होल्टचाच आहे, ±४० च्या रेलवर काही जागी तो उडतो.

रेल्वेचाळ_भुसावळ

डुप्लिकेटबद्दल सावध राहा. २एससी५२०० आणि २एसए१९४३ यांच्याइतकी नक्कल क्वचितच कशाची होत असेल. एमजे मालिकेचीही होते. थिनर लावलेल्या कापसाने पुसल्यावर छापील अक्षरं गेली, एकाच लॉटमध्ये दोन तऱ्हेची छपाई दिसली, किंवा नग हाताला हलका लागला तर परत करा. एखादा जास्तीचा नग घेऊन फोडून बघायची तयारी असेल तर आतली चिप बघा. पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये ज्वारीच्या दाण्याहून लहान चिप दिसली की समजायचं.

सामानाचं असं आहे: जळगावचं गोलाणी मार्केट आयपीए, डिसोल्डर पंप, फ्लक्स, सोल्डर यांना उत्तम, मोबाइलवाल्यांमुळे सगळं ताजं. पॉवर ट्रान्झिस्टर आणि चांगले कंडेन्सर मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन अधिकृत वितरकाकडून, एलिमेंट१४ वगैरे. भुसावळ-जळगावकरांना रात्रीची गाडी आहेच. नंदुरबारकरांना सुरत जवळ पडतं.

सातपुडा_७७

कंडेन्सर सरसकट बदलू नका, ही माझी विनंती. 'रीकॅप' नावाची साथ आली आहे. शंभर टाके काढले की पाच ठिकाणी पट्टी उचलते. आधी इएसआर (कंडेन्सरचा आतला रोध) मोजा, फुगलेले-गळलेले काढा, बाकीचे राहू द्या.

प्रीसेट_वाला

थंड हवेच्या गावात हे मान्य केलं असतं भो. आपल्याकडे मेमध्ये खोलीतच ४० असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपण बोलतोय पन्नास वर्षांच्या मालाबद्दल, तोही मूळचा ८५ अंशांचा. हीटसिंकच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या शेजारचे सगळे बदला, १०५ अंशांचे घाला. मोठे दोन फिल्टरही बदला: व्होल्टेज ५० चं ६३ करा, पण एमएफडी दीडपटीच्या वर नेऊ नका. १०,००० च्या जागी २२,००० टाकले की चालू करताना ब्रिजवर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांवर) आणि स्विचवर दणका बसतो. टोन कंट्रोलच्या बोर्डावरचे फिल्म कंडेन्सर मात्र हात न लावता सोडा, त्यांना काही होत नाही. एवढ्यापुरतं सातपुडाभाऊंशी सहमत.

एका वेळी एकच काढा, एकच लावा. आधी फोटो. काही जपानी बोर्डांवर ऋण बाजू रंगवलेली असते, काहींवर धन बाजूला खूण. छपाईवर भरवसा न ठेवता काढलेल्या कंडेन्सरची पट्टी कुठे होती तेच प्रमाण. आणि २५ वॉटचं सोल्डरॉन छोट्या टाक्यांना बरोबर आहे. मोठ्या फिल्टरच्या टर्मिनलला ६० वॉटचं घ्या, कमी उष्णतेने घासत बसलात तर उलट जास्त जळतं.

त्याच वेळी दोन्ही बायस प्रीसेट (बायस लावायचे छोटे फिरते रेझिस्टर) बदला. उघड्या कार्बनचे असतात, धुळीने वायपर सुटतो, आणि बऱ्याच सर्किटांत प्रीसेट ओपन झाला की बायस थेट कमाल. तुमचा आउटपुट यानेच गेला असण्याची शक्यता मोठी. काढण्याआधी मधल्या पायापासून दोन्हीकडचा रोध लिहून ठेवा, नवा बंद सर्मेटचा घ्या.

काकडे_वहिनी

माझ्याकडे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. हीच पद्धत चालेल का?

सिरीजबोर्ड

ताई, सिरीज बोर्ड चालेल, बाकी पुष्कळ बदलतं. तिथे ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं आणि ते जीव घेतं. डिस्चार्जला ४७ किलोओहम ५ वॉट, आणि मोजल्याशिवाय हात नाही. स्पीकर न जोडता चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरच्या सेटचं नेमकं उलट. जुने मेणाचे कागदी कपलिंग कंडेन्सर बदलल्याशिवाय व्हॉल्व्ह लावायचेच नाहीत, ते गळाले की ग्रिडवर धन व्होल्टेज येतं आणि आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. व्हॉल्व्हवर आधी हात बसलेल्या माणसाकडेच द्या. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो.

काळीमाती

बोरीकाठ, कारागिराकडे द्यायचं ठरलं तर दुकानात शिरून आधी नजर टाका: सिरीज बोर्ड भिंतीवर आहे का? नसेल तर सेट खाली ठेवूच नका. मग विचारा, मॅन्युअल बघणार का, बायस किती मिलिव्होल्टवर लावणार, काढलेले जुने भाग परत देणार का. तिसऱ्या प्रश्नाला जो कुरकुरतो तो नको. 'रिले थेट करून देतो' म्हणणाऱ्याकडून तर लगेच उचला. रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला स्विच) लागत नाही, कारण आउटपुटवर डीसी आहे. तो बायपास केला की ४० व्होल्ट सरळ ८ ओहमच्या स्पीकरवर, कॉइल काही सेकंदांत काळी.

ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे देता येतो. पण फेरे मोजून, तारेचा गेज मायक्रोमीटरने मोजून आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये नवा लेदरॉइड आणि पॉलिस्टर फिल्म घालून, शेवटी वॉर्निश. मोटरचा कारागीर 'थोडे फेरे इकडेतिकडे चालतात' म्हणतो, इथे चालत नाहीत.

पाठवायचा असेल तर सामान म्हणून एसटीच्या टपावर नको. जड ट्रान्सफॉर्मर आपल्याच वजनाने चासी वाकवतो. खोक्यात खोकं, मध्ये दाट फोम, आणि शक्यतो मांडीजवळ.

बोरीकाठ

ड्रायव्हरही गेलेला निघाला. आउटपुट, ड्रायव्हर आणि ४५८ बदलायला कारागिराला देतो, धुणं-पुसणं आणि शेवटची तपासणी मी करतो. व्हॉल्यूमची खरखर कशाने काढू? परत आल्यावर क्रम काय?

प्रीसेट_वाला

खरखरीला सीआरसी २-२६ किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर, नळीने पॉटच्या फटीत दोन थेंब, बटण तीस-चाळीस वेळा पूर्ण फिरवा. पेट्रोल-रॉकेल अजिबात नाही, कार्बनची पट्टी जाते आणि आगीचा धोका वेगळा. टेप मॉनिटर आणि स्पीकर सिलेक्टरचे स्विचही तसेच. 'एक चॅनल मधूनच जातो' ही तक्रार निम्म्या वेळा त्यांचीच असते.

परत आल्यावर स्पीकर न जोडता सिरीज बोर्डवर, बायस प्रीसेट किमान बाजूला. बल्ब मंद झाला की स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. रिले लागला नसेल तर रिलेच्या आधीच्या टोकाला. बल्बामुळे व्होल्टेज कमी असतं, त्यामुळे रिले न लागणं इथे दोष नाही. डीसी ठीक असेल तर बल्ब काढून थेट. आता रिले टिक व्हायला हवा, आणि डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत. १०० च्या वर असेल तर थांबा.

मग ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजत बायस हळूहळू चढवा. २० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४२ मिलिअँपिअर. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. झाकण लावून अर्धा तास, मग पुन्हा मोजून दुरुस्त करा. जानेवारीत लावलात तर मेमध्ये एकदा तपासा. त्यानंतर भंगारातला एखादा स्पीकर तासभर, आणि मगच चांगले.

बोरीकाठ

रिलेचे कॉन्टॅक्ट काळे दिसताहेत. बारीक पॉलिश पेपरने घासू का?

रेल्वेचाळ_भुसावळ

नको. वरचा चांदीचा थर जातो आणि महिन्याभरात पुन्हा काळे. रिलेच बदला. कॉइलचं व्होल्टेज जुन्यावर लिहिलेलं असतं, बहुधा २४ डीसी. मीटरने कॉइलचा रोधही मोजून घ्या आणि नव्याचा जवळपास तेवढाच आहे ना बघा. खूप कमी असेल तर रिले ओढणारा छोटा ट्रान्झिस्टर किंवा प्रोटेक्शनची आयसी तापेल. पायांचं अंतर जुळलं नाही तर छोट्या वेरोबोर्डवर (भोकांच्या तयार बोर्डावर) बसवा, मूळ बोर्डाला भोकं पाडू नका.